सुसला कुणी मागवला?

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांचा मला मनापासून कंटाळा आहे. तुमच्या सदरातले अनुभव मी दुपारी वाचतो ते झोप लागावी म्हणून. चिंचेवरची बाई, विहिरीतून येणारा आवाज, गाडीला हात दाखवणारा म्हातारा... वाचतो, हसतो आणि झोपतो. आमचं घर लिंगायत, धान्याचे व्यापारी. वडील म्हणायचे, "जे तागडीत बसतं ते खरं. बाकी समदा वारा." मीही तसाच निघालो. नव्वदी ओलांडली, पण अजून एक भूत पाहिलं नाही, कुणाच्या अंगात आलेलं खरं मानलं नाही, कुठल्या बुवाच्या पाया पडलो नाही.

तरी हे लिहितोय. कारण एक प्रसंग असा आहे की त्यात मी होतो असं सगळे म्हणतात – आणि मी तिथं नव्हतो.

आता इतक्या वर्षांनी का, तर परवा नात आणि तिचा नवरा पुण्याहून आले होते. शनिवार होता. दोघं एका फोनवर डोकं लावून तासभर बसली. कुठलं हॉटेल चांगलं, लोकांनी त्याला किती स्टार दिलेत, आधी जेवण मग सिनेमा की आधी सिनेमा... म्हटलं, आमच्या वेळी सोयरीक जुळवतानासुद्धा एवढी चौकशी होत नसे! तर नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही आजीला कधी डेटवर नेलं होतं का?" माझ्या तोंडून निघून गेलं, "नेलं होतं एकदा. धाराशिवला. हॉटेल आणि सिनेमा." दोघं 'हाऊ स्वीट' म्हणाली. मी खोटं बोललो होतो. तेच खोटं सत्तर वर्षं बोलतोय. आता पुरे. म्हणून नातीला टाईप करायला न देता हातानं लिहून पाठवतोय, अक्षर लागलं नाही तर चालवून घ्या.

निजामाचं राज्य होतं. कागदावर उस्मानाबाद, माणसांच्या तोंडी धाराशिवच. मोठं युद्ध चालू होतं, धान्यावर सरकारी लेव्ही होती, आणि आमचं दुकान येडशीला, स्टेशनाच्या अंगाला. बार्शीकडून छोटी गाडी यायची तेच आमचं घड्याळ. माझं लग्न झालं तेव्हा मी एकवीस वर्षांचा, बायको अठराची. त्या काळात अठरा म्हणजे घोडनवरी, आणि आई ते दिवसातून एकदा तरी बोलून दाखवायची. बायकोचं नाव नीलव्वा. माहेर आळंदच्या बाजूचं, घरात सगळं कन्नड. लग्नानंतर आईनं पहिला नियम घातला – ह्या घरात मराठी बोलायचं. ती बोलायची ती मराठी अशी अडखळत की आम्ही भावंडं हसायचो. डब्यात खडे घालून वाजवले की झालं कानडी, असं मी स्वतः तिच्या तोंडावर म्हटलेलं आहे. सगळ्यांसमोर. ती खाली मान घालून हसली होती. हळूहळू तिचं बोलणं 'व्हय' आणि 'न्हाय' एवढ्यावर आलं, आणि आई सगळ्यांना सांगू लागली की सून मोठी शांत मिळाली.

मी वाईट होतो का? तसा नव्हतो. मारझोड केली नाही, दारू नाही, पत्ते नाहीत. बायको मला आवडायचीही. पण आवडते म्हणून करायचं काय, हे कुणी शिकवलं नव्हतं.

धाराशिवच्या कचेरीत हबीब म्हणून माझा दोस्त होता, नक्कलनवीस, म्हणजे कागदांच्या नकला करणारा. दुकानाच्या कागदांसाठी मी महिन्यातून दोनदा जायचो तेव्हा ओळख झालेली. तो हैदराबादेत शिकलेला, आणि तिथल्या गोष्टी अशा रंगवून सांगायचा की ऐकणाऱ्यानं चहा थंड करावा. तिकडं म्हणे साहेबलोक बेगमला पडद्याच्या टांग्यातून बायस्कोपला नेतात, मग हॉटेलात कुल्फी खातात. ते माझ्या डोक्यात जे बसलं ते निघेना. आपणही एकदा बायकोला घेऊन शहरात जावं. आमच्यासाठी शहर म्हणजे धाराशिव! हसू नका.

मी हबीबला विचारलं, धाराशिवात बायकोला नेण्याजोगं हॉटेल कुठलं. तो डोळे फाडून बघायला लागला. "क्या मियाँ, घर में खाना नै मिलता क्या?" मग त्यालाच मजा वाटायला लागली. पुढचे दोन महिने आम्ही दोघं गावातली हॉटेलं तपासत फिरलो. स्टार देणारे आम्हीच. मोटारस्टँडसमोरचं हॉटेल बाद – बाकड्यावर ड्रायव्हर-क्लीनर, तोंडात शिव्या. कचेरीमागची खाणावळ चांगली, पण दुपारी वकिलांचे कारकून आणि संध्याकाळी कुलूप. एका ठिकाणी भजी फर्मास, पण तो माणूस त्याच कढईत काय काय तळतो ते हबीबनं मला बाहेर आल्यावर सांगितलं, आणि मी आठ दिवस जेवलो नाही. शेवटी बाजाराच्या टोकाला एक हॉटेल मिळालं. मालक विजापूरकडचा, कपाळाला विभूती, म्हणजे आमच्यातलाच. आणि मुख्य म्हणजे आत एक हिरवा पडदा लावून त्यानं चार फुटांची खोली केली होती. बाहेर पाटी नव्हती, पण लोक त्याला फॅमिली रूमच म्हणायचे. फॅमिली तिथं कधी कुणी आणलेली नव्हती, तिथं उधळे गिऱ्हाईक बसवत, ती गोष्ट वेगळी. त्याच दिवसांत बाजारतळावर तंबूचा सिनेमा आला होता. देवादिकांचं चित्र. म्हणजे घरी कळलं तरी म्हणता येईल, देवाचंच पाहिलं.

घरी काय सांगायचं, तर धाराशिवच्या धारासूर मर्दिनी देवीची ओटी. आई तयार झाली. माझी थोरली बहीण, अक्का, धाराशिवातच दिलेली होती, मुक्काम तिच्याकडं. युद्धामुळं पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार होती. चढ आला की सगळ्यांनी उतरून ढकलायची. तसे आम्ही पोचलो. मी पुढं बसलो, ती मागं बायकांत. ओटी भरली, अक्काकडं टेकलो, आणि ऊन कलल्यावर 'कीर्तन ऐकून येतो' असं अक्काला सांगून निघालो. दाराबाहेर, चालायला लागण्याआधी नीलव्वाला म्हटलं, "आज तुला बाजाराच्या टोकाच्या हाटेलात न्हेतो. मग सिनेमा."  तिनं पदर नीट केला, आणि चक्क हसली. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, तिचे सगळे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

आता त्या वेळची रीत सांगायला हवी. नवरा पुढं, बायको दहा-बारा पावलं मागं. बरोबरीनं चालायचं नाही. आणि पुढच्यानं वळून बघायचं नाही, वळून बघणारा बायल्या. पावलं ऐकू आली की समजायचं, आहे मागं. मी तसाच चाललो. जोडव्यांचा आवाज येत होता.

कापडबाजाराच्या कोपऱ्यावर समोरून पेशकारसाहेब आले. तहसिलातले मोठे अंमलदार, आमच्या दुकानाचं धान्य, परवाने, सगळं त्यांच्या कलमाखाली. वडिलांना नावानिशी ओळखायचे. मी खाली वाकून सलाम केला. त्यांनी विचारलं, "अकेले ही आए हो?"

माझी बायको बारा पावलांवर उभी होती. धोतर, काळा कोट, टोपी घातलेला व्यापाऱ्याचा मुलगा बायकोला घेऊन हॉटेलात निघालाय, हे ह्यांना कळलं तर उद्या वडिलांना कळणार. घरंदाज बाईला हॉटेलात! त्या काळी तमाशाला नेलं म्हणण्यासारखंच ते. मी म्हटलं, "जी हुजूर, अकेला."

मोठ्यानं म्हटलं. तिला ऐकू गेलं असणार. तिला उर्दू येत नव्हती, पण 'अकेला' कळायला उर्दू कशाला पाहिजे?

पेशकारसाहेब खुश होते, "चलो, चाय पियो" म्हणाले. नाही म्हणायची सोय नव्हती... खरं सांगतो, सोय होती. 'बहीण वाट बघतेय' म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी तसं म्हटलं नाही. पाठीमागं हात करून पंजानं 'थांब' अशी खूण केली, आणि न वळता त्यांच्याबरोबर गेलो. त्यांच्या दिवाणखान्यात चहा झाला, बिस्किटं झाली, मग त्यांनी स्वतः रचलेले शेर ऐकवले. मी 'वाह वाह' करत होतो. एका शब्दाचा अर्थ लागत नव्हता. खिडकीतून ऊन गेलं, दिवे लागले, आणि मी वाह वाह करतोय. दीड तास गेला असेल.

सुटलो तसा धावत कापडबाजारात आलो. ती तिथं नाही.

कोपऱ्यावरचा म्हातारा कापडवाला दुकान आवरत होता. त्याला म्हटलं, "इथं एक बाई उभी होती, हिरव्या लुगड्यातली..." तो माझ्याकडं बघून म्हणाला, "आवो, तुमीच न्हेली की तिला."

"मी?"

"मग कोण! साहेबासंगं धा पावलं गेला आन् लगी माघारी आला. म्या तर म्हनलं, बरं झालं, बाईमाणसाला असं भर बाजारात उभं करून जातंय व्हय कुणी?"

मला वाटलं, म्हाताऱ्याची नजर गेली.  कोणीतरी भामट्यानं तिला फसवून नेलं, हेच डोक्यात. तिला मराठी धड येत नाही, गावात ओळख नाही, अक्काचं घर तिला एकटीला सापडायचं नाही. मी हॉटेलाकडं पळालो. तिथंच का, तर आधी तिथं जायचं असं तिला मी सांगितलं होतं.

हॉटेलवाला मला बघून गल्ल्यावरून उठलाच. तोंडभर हसून त्यानं भडाभडा कन्नड सुरू केलं. मी मख्ख. तो थांबेना. बोलतोय, हात करतोय, हिरव्या पडद्याकडं दाखवतोय. शेवटी मी म्हटलं, "मालक, मला कन्नड येत न्हाय."

तो हसला. "थट्टा करता व्हय, सावकार? आत्ता तासभर बोलत होता की. आमच्या विजापुराकडचं बी एवढं गोड कुणी बोलत न्हाय."  मी पडदा बाजूला केला. आत दोन ताटल्या अजून उचललेल्या नव्हत्या. एक चाटूनपुसून रिकामी. दुसरी भरलेली, सुसला आणि वर दोन मिरच्या, हातसुद्धा न लावलेली.

सुसला माहीत नसेल त्यांच्यासाठी – चुरमुरे भिजवून, कांदा-मिरचीची फोडणी देऊन, वर शेंगदाण्या-डाळ्याचं कूट. तिच्या माहेराकडचं रोजचं खाणं. आमच्या घरी आईनं एकदा तिला करताना पाहिलं आणि 'भिकेचे डोहाळे' म्हणून कढई खाली उतरवली होती. त्या हॉटेलात सुसला मिळतच नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं, दोन महिने आम्ही तपासणी केलेली!

"तुमीच म्हनला करून द्या," हॉटेलवाला म्हणाला. आता तो मराठीतच बोलत होता, जरा मागं सरून. "माज्या बायकोला चुरमुरं आणाया धाडलं तुमच्यापायी. बाईनं पोटभर खाल्लं. तुमी मातर कायच घेतलं न्हाय. नुसतं त्यांच्याकडं बघत बसला. चव बिगडली व्हती का?"

मी पडदा सोडला. तो म्हणाला, "सिनेमाला उशीर हुईल म्हनून तर उठला..."

बाजारतळ जवळच. तंबूत खेळ सुरू होता, बाहेर इंजिन धडधडत होतं. दारावरच्या माणसाला म्हटलं, माझी बायको आत आहे. त्यानं कंदील वर करून माझं तोंड बघितलं, 'हे बाहेर कवा आलं' असं काहीतरी पुटपुटला आणि कनात उचलून धरली. जा म्हणाला.

मी गेलो नाही.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आत पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या, मध्ये फक्त सुंभाची दोरी. आत शिरलो असतो तर दोरीच्या अलीकडं, तिच्या शेजारी कोण बसलंय ते दिसलं असतं. चार पावलांचं अंतर होतं. भूत मानत नव्हतो, तरी पाय उचलला नाही. माझाच चेहरा माझ्याकडं वळून बघेल, ह्या नुसत्या विचारानं मी कनातीपासून मागं सरलो. मी इंजिनाच्या आडोशाला उभा राहिलो, खेळ संपेपर्यंत. आणि आत माझी बायको हसत होती. शंभर बायकांत तिचं हसू मला कसं ओळखू आलं, तर ते मी आधी कधी ऐकलंच नव्हतं, म्हणून.

खेळ सुटला. लोंढा बाहेर आला. ती दिसली. पदर खांद्यावर, डोक्यात शेवंतीची वेणी. ती पुढं चालत होती आणि मान मागं वळवून कुणाशी तरी बोलत होती, कन्नडमध्ये, भराभरा, हातवारे करून. ती पुढं, आणि जो कोण होता तो मागं. बोलता बोलता तिनं समोर बघितलं, आणि तिला मी दिसलो.

ती जागच्या जागी थांबली. पुन्हा मागं वळली. मागं एक म्हातारी, दोन पोरं आणि धूळ होती. तिनं थोडा वेळ त्या गर्दीत शोधलं. मग पदर डोक्यावर घेतला, आणि माझ्यापासून बारा पावलं अंतर ठेवून उभी राहिली.

वाटेत मी विचारलं, अर्थात न वळता, "जेवलीस?"

"व्हय."

"कुणासंगं?"

जोडव्यांचा आवाज थांबला. मग पुन्हा आला. ती म्हणाली, "तुमच्यासंगं की."

आणि इथं मी ती चूक केली. तेव्हाच म्हणायला हवं होतं, की तो मी नव्हे. पण ते म्हणायचं तर पुढचंही म्हणावं लागलं असतं – की मी तुला भर बाजारात सोडलं, एकटाच आलोय म्हणालो, दीड तास दुसऱ्याचा चहा पीत बसलो. मी म्हटलं, "हं."

झालं! त्या एका 'हं'वर माझी सगळी कीर्ती उभी आहे. चार दिवसांत गोष्ट येडशीला पोचली. आईनं आकाशपाताळ एक केलं, वडील आठवडाभर बोलले नाहीत, पण दोस्तमंडळीत माझा भाव असा वधारला की विचारू नका. हबीब तर ज्याला त्याला सांगायचा, "क्या मर्द है! बीबी के वास्ते अलग पकवाया." गल्लीतल्या बायका नीलव्वाला म्हणायच्या, "नशीबवान हाईस बाई." ती हसायची. तंबूतून ऐकलं होतं त्यातलंच हसू, थोडंसं. आणि ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दुसऱ्या कुणाचा हेवा वाटला तर माणूस त्याच्याशी भांडू तरी शकतो. मी कुणाशी भांडू? आरशात बघून दाढी करताना मला माझाच राग यायचा. ह्या तोंडानं तिच्याशी तासभर गोड बोललेलं होतं, आणि ते काय बोललं ते मलाच ठाऊक नव्हतं.

शहाणा असतो तर मीही चार गोड शब्द बोलायला लागलो असतो. मी उलट केलं. तिचं जरा काही चुकलं की जास्त ओरडायचो. तिनं चुकून एखादा कन्नड शब्द काढला की ताट सरकवून उठायचो. भीती ही, की ती कधीतरी कन्नडमध्ये काही विचारेल, आणि मला उत्तर देता येणार नाही.

दोन वर्षं अशी गेली. आमची थोरली मुलगी जन्मली होती. एके दुपारी दुकानातून जेवायला घरी आलो, तर ती चुलीपुढं भाकरी थापत, मांडीवरच्या पोरीला कन्नडमध्ये काहीतरी गुणगुणत होती. मी म्हटलं, "बंद कर ते." ती थांबली नाही. मी पुन्हा म्हटलं. पहिल्यांदाच ती थांबली नाही, आवाजही वाढवला नाही, आपली गात राहिली. माझं डोकं फिरलं. तिच्याजवळची एकुलती एक चीज हिसकावून घ्यावी असं वाटलं, आणि ती कुठली हे मला चांगलं ठाऊक होतं.

म्हटलं, "धाराशिवची ती सांज लई मिरवतीस न्हवं? ऐक तर. तो मी न्हवतो! मी पेशकाराच्या घरी चहा पीत व्हतो. तुला हाटेलात न्हेणारा मी न्हवतोच!"

मला वाटलं किंचाळेल, रडेल, पोरीला घेऊन उठून जाईल. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"ठाव हाय मला," ती म्हणाली.

"काय ठाव हाय?"

"तुमी न्हवता ते." दोन वर्षांत तिची मराठी सुधारली होती. "बाजारात आला तवा वाटलं, तुमीच. लाज वाटली आसंल, म्हनून माघारी आला. हाटेलात बसल्यावर त्यानं इचारलं, एन बेकु निनग? म्हंजी, तुला काय पायजे. तवाच कळलं. हे आपलं माणूस न्हवं."

 "आन् कळल्यावर बी बसलीस? भ्या न्हाय वाटलं?"

"भ्या तुमचं वाटतंय," ती म्हणाली. "त्याचं न्हाय वाटलं."

"मग पळून का न्हाय आलीस? आरडली का न्हाईस? परक्यासंगं, कोण कुठलं, माणूस हाय का काय ते बी ठाव न्हाय—"

तिनं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. हिशोब समजावून सांगावा तसं. "अवो, सारा जल्म तुमच्यासंगंच काढायचा हाय की मला. एक सांज त्याच्यासंगं गेली, तर तुमचं काय कमी झालं?"

आणि माझ्या ताटात भाकरी वाढली.

मी ती खाल्ली. काय करणार होतो? त्यानंतर पासष्ट वर्षं आम्ही संसार केला. पुढं रझाकार आले आणि गेले, निजाम गेला, मोटारी पेट्रोलवर चालायला लागल्या. चार मुलं झाली, ती शिकली. नीलव्वा त्यांच्याशी कन्नडच बोलायची आणि मी काही म्हणत नसे. आम्ही भांडलो नाही. लोक म्हणायचे, जोडा असावा तर असा. साठी उलटल्यावर एकदा सोलापूरला गेलो होतो, तेव्हा मी धीर करून म्हटलं, चल, चांगल्या हॉटेलात जेवू, सिनेमा बघू. मनापासून म्हटलं हो. ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मी बघितलाय." मी एकटा जाऊन आलो. जेवण बरं होतं.

ती गेली त्याला आता काही वर्षं झाली. शेवटच्या दिवसांतही तो विषय आम्ही काढला नाही.

एका डॉक्टरांना मी हे एका मित्राची गोष्ट म्हणून सांगितलं होतं. ते म्हणाले, कोणीतरी सारखा दिसणारा लबाड माणूस असणार. असेल. पण माझ्या कोटाच्या कोपराला अक्कानं त्याच दुपारी रफू केलं होतं, वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं. पुढं मी हॉटेलवाल्याला सहज विचारून पाहिलं, तेव्हा तो म्हणाला, ते रफू त्याला पडद्याआडून दिसलं होतं. आणि लबाड माणसानं एवढी लबाडी करून घेतलं काय? स्वतःची ताटली भरलेली ठेवून गेला. नीलव्वाला खूळ लागलं होतं म्हणावं, तर कापडवाला, हॉटेलवाला, दारावरचा माणूस, तिघांनाही एकाच संध्याकाळी लागलं काय? मला ह्याचं उत्तर मिळालेलं नाही. तुमच्यापैकी कुणाकडं असेल तर जरूर कळवा, पण बुवा-मांत्रिक सुचवू नका.

तो कोण होता, ठाऊक नाही. माझाच चेहरा का घेतला, कन्नड कुठं शिकला, तंबूच्या दारातून कुठं गेला, ठाऊक नाही. तो पुन्हा आला असता तर ती माझ्या घरात थांबली असती का, एवढं मात्र मला ठाऊक आहे, आणि ते मी इथं लिहिणार नाही.